तिसरी ओळ

"तीन तुमच्या, अर्धी माझी. तिसरी आली न्हाई की मी दोर वडणार. मग तुमी राणी असा न्हाईतर डाक्टर असा."

तातोबा गुरवांचा तो आवाज मला अजून ऐकू येतो. चहाच्या पातेल्याला कडेकडेनं बुडबुडे सुटायला लागले, की हमखास. जाडाभरडा, कोंड्यासारखा आवाज. हे बोलताना ते माझ्या कमरेला दोर बांधत होते, आणि मी, रसायनशास्त्रातली डॉक्टरेट, वय वर्षं सदतीस, शिंप्यापुढं उभ्या राहिलेल्या पोरीसारखी दोन्ही हात वर करून उभी होते.

"मामा, मला गाता येत नाही," मी म्हटलं.

"मग येतं काय?"

"आकडे वाचता येतात."

"वाचा की. आकड्यालाबी चाल लावता येती."

ही नदीकाठच्या कासारमाळची गोष्ट. तिथं एक जुनी डिस्टिलरी होती. साखर काढून उरलेली काळी मळी मोठमोठ्या टाक्यांत आंबवायची आणि तिच्यापासून अल्कोहोल करायचं, असा तिथला धंदा. टाक्या अर्ध्या जमिनीत, अर्ध्या वर. मळी आंबली की तिच्यातून कार्बन डायऑक्साइड उसळून वर येतो. मला तो वायू हवा होता. विजेच्या जोरावर त्याचं दुसरं काहीतरी करायचं, हे माझं काम. शहरातल्या प्रयोगशाळेत तो सिलिंडरमधून यायचा, शुद्ध, मुका. मला खऱ्या टाकीतला हवा होता, तिचा वास घेऊन आलेला.

सगळ्यांना सांगितलेलं कारण हे एवढंच.

डिस्टिलरीच्या साहेबांनी मला तीन नंबरच्या टाकीला लागून असलेला पंपाचा जुना खड्डा दिला. आठ पायऱ्या खाली, वर पत्रा, एका कोपऱ्यात दिवा. आणि वर बसायला तातोबा दिले. ते टाक्यांवर राबून निवृत्त झाले होते, पण घरी करमत नाही म्हणून रोज येऊन बसत. खड्ड्यात उतरणाऱ्यावर नजर ठेवायची तर त्यांनीच, असं सगळे म्हणाले. तातोबांनी मात्र पहिल्या दिवशी माझ्याकडं नीट पाहिलंसुद्धा नाही.

"नाव काय म्हणायचं बाईंचं?" त्यांनी दोराची गाठ बघत विचारलं.

मी चपलेत अडकलेला खडा काढत होते, म्हणून उत्तर द्यायला जरा वेळ लागला. मान वर केली तर म्हातारा पांढराफटक पडलेला.

"सुशीला," मी घाईनं म्हटलं. "सुशीला पाटणकर."

त्यांनी श्वास सोडला. त्यानंतर मी तिथं होते तोवर त्यांनी माझं नाव एकदाही घेतलं नाही. बाई म्हणत.

साडेतीन ओळींचा तो नेम त्यांनी त्याच दिवशी समजावून दिला; मी मान कलती करून ऐकत होते. टाकी रिकामी केली की तळाचा गाळ खरवडायला माणूस उतरायचा. तळाशी वायू साचलेला असतो. दिसत नाही, हवेपेक्षा जड, पाण्यासारखा खोलगटात बसून राहतो. त्यात बुडालेला माणूस ओरडत नाही, नुसता गप्प होतो. म्हणून खाली गेलेल्यानं गप्प राहायचंच नाही. त्यानं ओवी म्हणायची. तीन ओळी खालच्याच्या, शेवटची अर्धी वर दोर धरून बसलेल्याची. ती अर्धी ठरलेली, पिढ्यान्‌पिढ्या एकच: 'दोर माझ्या हाती.' बाप्यांनी जात्यावरची ओवी म्हणायची म्हणजे एरवी हसण्यावारी नेतील, पण टाकीत उतरणाऱ्याला कुणी हसत नसे.

मग मी खड्ड्यात गुडघे टेकून आकडे वाचू लागले. मीटरवरचे तीन.

"व्होल्ट दोन, वर आठ…"

"करंट सहा, वर चार…"

"दाब एक, काटा स्थिर…"

आणि वरून, भजनातल्या माणसासारखं शेवट ओढत: "दोर माझ्या हाती."

दुसऱ्या दिवसापर्यंत आम्हा दोघांनाही त्याची चाल लागली.

सांगितलेलं कारण वायूचं होतं. न सांगितलेलं कारण असं, की तीन नंबरच्या टाकीत माझे वडील मेले होते. कृष्णात त्यांचं नाव. मी पहाटे जन्मले आणि ते दुपारी गेले. गाळातून बाहेर काढले तेव्हा अंगाला दारूचा भपकारा येत होता, म्हणे. गावानं त्यावरून गोष्ट रचली: लेक झाली, कृष्णातचं तोंड उतरलं, पिऊन टाकीत गेला आणि मेला. माझं बारसं झालं नाही. शाळेत घालताना मास्तरांनी जे नाव लिहिलं, ते नाव. दारूड्याच्या पोरीला त्यांनी सुशीला केलं. चांगला माणूस होता.

आईनं वडलांचा फोटो कधी भिंतीवर लावला नाही. तो ट्रंकेत, पातळांच्या घडीखाली, पालथा. म्हातारपणी एकदाच म्हणाली, "प्यायला तर प्यायला. पण तुझं तोंड बघून प्यायला का, एवढं कळलं असतं तर फोटो कसा ठेवायचा ते ठरवलं असतं." आणि मग म्हणाली, "वर तातोबा गुरव होता त्या दिवशी. त्याला विचार. न्हाईतर राहू दे."

तर मी विचारायला आले होते. आणि पहिले सात दिवस विचारलं नाही.

चौथ्या दिवशी तातोबा पायरीवर बसून माझं यंत्र न्याहाळत होते. बिस्किटांच्या पुड्याएवढं ते, दोन पाट्यांमध्ये दाबून बसवलेलं.

"ह्यात हुतं काय पर?"

"हा काळा कागद दिसतोय? कोळशाच्या धाग्यांचा आहे. त्यावर कथलाची पूड बसवलीय."

"म्हंजे कल्हई."

"कल्हईच. कागदाच्या या अंगानं टाकीतला वायू येतो. त्या अंगाला खारं पाणी. कागदाच्या बारीक भोकांत वायू, पाणी आणि कथील, तिघं एकमेकांना भेटतात. तिघं एका ठिकाणी आले आणि वीज सोडली, तरच त्या वायूचं दुसरं काही होतं. पाणी जास्त झालं तर भोकं बुडतात, मग काही नाही. पाणी मागं हटलं, तरी काही नाही."

"दुसरं काही म्हंजे काय हुतं?"

"मुंगी चावल्यावर झोंबतं ना, त्या आम्लाचं मीठ."

ते काळ्या कागदाकडं बोट दाखवत म्हणाले, "तिकटी हाय म्हणा की."

आमच्याकडं तीन वाटा मिळतात तिला तिकटी म्हणतात. कुणाला नजर लागली, कुणी झपाटलं, की उतारा तिकटीवर नेऊन टाकायचा. टाकणाऱ्यानं तिथं थांबायचं नाही, मागं वळायचं नाही.

"तिकटीच," मी हसून म्हटलं. "सगळं तिथंच घडतं."

"तिकटीवर गेलेलं जसंच्या तसं माघारी येत न्हाई, बाई."

दुसऱ्या दिवशी पाहते तर यंत्राशेजारी भाकरीचा चतकोर, अर्धं लिंबू आणि हळदीकुंकू.

"मामा, लिंबाचा थेंब जरी आत गेला तरी माझ्या पाण्याचं गणित बिघडेल."

"मग बाजूला ठिवतो. गणिताला बाजू असती का न्हाई?"

त्यांनी लिंबू उचलून वीतभर सरकवलं. तेवढ्यात कामगारांना चहा देणारी हौसाबाई आली. ती किटली नेहमी खड्ड्यापासून दहा पावलांवर ठेवायची आणि परत फिरायची.

"आत या की," मी म्हटलं.

"त्यो गुणगुणतोय तवर मी न्हाई येत."

"कोण गुणगुणतोय? बुडबुडे आहेत ते, हौसाबाई."

"तुमास्नी बुडबुडं ऐकू येत्यात. आमास्नी माणूस ऐकू येतो. ज्याचं त्याचं कान." आणि तातोबांकडं न बघता ती निघून गेली. तातोबाही तिच्याकडं बघत नव्हते.

गुणगुण होती. नाही म्हणणार नाही. यंत्रातून सुटलेला उरलासुरला वायू एका नळीनं पाण्याच्या बाटलीत सोडला होता, म्हणजे तो वाहतोय की नाही ते बुडबुड्यांवरून कळावं. आधी ते एकसारखे यायचे, भात शिजल्यासारखे. पाचव्या दिवसापासून मात्र त्यांना लय आली. एक लांब घुमारा, दोरीसारखा ओढत गेलेला. मग दुसरा, तेवढाच लांब. मग काही नाही. खड्ड्यात शांतता पसरायची. मग पुन्हा पहिल्यापासून.

कारण मला ठाऊक होतं. कागदाच्या भोकांत मीठ धरत होतं, मागं दाब साठत होता, मग मोकळा होत होता. वहीत मी तसं लिहिलंसुद्धा. पण दोनच का, आणि तिसऱ्यालाच का अडतं, हे मी आजही सांगू शकणार नाही. मी पाणी बदललं. नळी बदलली. कल्हईचा कागद नवा घातला. एक लांब, दुसरा लांब, आणि गप्प.

माझी मान नकळत पुढं व्हायची. कुणी बोलता बोलता थांबलं तर आपण कसे ओठांकडं बघतो, तशी मी त्या बाटलीकडं बघत बसायचे.

आठव्या दिवशी मी विचारलं. भर दुपार, आवारात चिटपाखरू नव्हतं, पत्रा उन्हानं तडतडत होता.

"मामा, या तीन नंबरात एक माणूस गेला होता म्हणतात. कृष्णात नावाचा."

तातोबा दोर विंचरत होते, म्हणजे त्याचे सुटलेले धागे बोटांनी मागं बसवत होते. हात थांबले नाहीत.

"लई जुनी गोष्ट."

"प्यायलेला होता, असं ऐकलं."

"आयकलं असंल."

"तुम्ही वर होता ना?"

"बाई, आज करंट किती सांगितला तुमी? सहा का सात?"

"साडेसहा."

"वाढलाय मग. बरं हाय." ते उठले, धोतर झटकलं आणि नळावर पाणी प्यायला गेले. किती वेळ पाणी पीत होते. नळ वाहत होता आणि ओंजळ कोरडी होती. मी खड्ड्याच्या तोंडाशी उभं राहून पाहिलं.

अकराव्या दिवशीही दुपारच होती. बाराचा भोंगा होऊन गेला होता. यंत्र सकाळपासून इतकं सुरेख चाललं होतं, की मी जेवायलाही वर आले नव्हते. असं एकदाही झालं नव्हतं: कागद कोरडा नाही, बुडालेला नाही, तिघं आपापल्या जागी. अकरा दिवसांचं काम त्या चार तासांत फळाला येत होतं. वायूची सूचना देणारी पेटी भिंतीवर होती, छातीच्या उंचीवर, तिचा हिरवा दिवा शांत लुकलुकत होता. मी तिला नजरेनं विचारलं, तिनं ठीक म्हटलं. मी गुडघ्यांवर बसले.

खाली एक गोडसर वास होता. गुळाच्या ढेपेवरचं फडकं काढल्यावर येतो तसा. कपाळात हलके ठोके पडत होते. उपाशी आहे म्हणून, असं मला वाटलं. बाटलीत पहिला घुमारा सुरू झाला.

"व्होल्ट दोन, वर नऊ," मी म्हटलं.

दुसरा घुमारा. इतका लांब कधीच आला नव्हता.

"करंट सात, वर एक…"

मग दाबाचा आकडा. काटा थरथरत होता. एकावर, दीडवर, पुन्हा एकावर. स्थिर होऊ दे, मग वाचू, असं म्हणून मी पुढं वाकले. बाटली गप्प झाली होती. आणि मला स्पष्ट जाणवलं की आता तिसरा येणार. कुणीतरी श्वास आत घेतलाय आणि बोलायच्या बेतात आहे. मी आणखी वाकले. तोंड पाण्याशी नेलं. कान दिला.

कमरेला हिसका बसला तो असा की बरगड्या मोडल्यासारखं झालं. यंत्र माझ्या कोपराला लागून उलटलं, पाट्या निखळल्या, खारं पाणी सांडलं, बाटली फुटली. पायऱ्यांवरून माझे गुडघे खरवडत मी वर आले आणि उन्हात पालथी पडले. तातोबांनी दोर सोडला नव्हता. पायऱ्यांच्या कडेला पाय रोवून ते मागं रेलले होते आणि मी बाहेर आल्यावरही ओढतच होते.

"सोडा," मी ओरडले. "सोडा, मामा. काय केलंत हे? अकरा दिवसांचं काम…"

"तिसरी आली न्हाई."

"आकडा बघत होते मी. काटा हलत होता. जरा थांबायचं होतं की!"

त्यांचे हात दोरावरून गळून पडले. ते तसेच मातीत बसले. थोड्या वेळानं उठले, नाक दाबून तीन पायऱ्या उतरले, भिंतीवरची माझी ती पेटी काढली, दोराच्या टोकाला बांधली आणि विहिरीत घागर सोडावी तशी हळूहळू खड्ड्यात सोडली. छातीच्या उंचीवर हिरवा दिवा. कमरेच्या उंचीवर हिरवा. गुडघ्याखाली गेल्याबरोबर ती कोकलायला लागली. तळाशी टेकली तरी कोकलतच राहिली.

उभ्या माणसाच्या उंचीवर टांगलेली पेटी, आणि मी गुडघ्यांवर. टाकीच्या नळाचा सांधा कधी गळायला लागला होता कुणास ठाऊक. खड्ड्यात गुडघाभर वायू साचला होता आणि मी त्यात तोंड घालून ऐकत बसले होते. आणखी दोन श्वास. फार तर तीन.

पेटी ओरडून ओरडून शेवटी दमली. आवारात पुन्हा शांतता झाली. तातोबांनी हौसाबाईच्या किटलीतला गार चहा झाकणात ओतून माझ्यापुढं धरला. मी घेतला नाही.

"मी कृष्णातची लेक आहे," मी म्हटलं.

"ठावं हाय."

"कधीपासून?"

"पयल्या दिसापास्नं. त्योबी असाच मान वाकडी करून आयकायचा." चहाचं झाकण त्यांनी अजून माझ्यापुढंच धरलं होतं. "मला वाटलं, वळख न देता काम करशील न् जाशील."

"मग आता सांगा. माझी आई अजून जिवंत आहे, मामा. तिच्या ट्रंकेत तो फोटो पालथा पडलाय. मी झाले म्हणून तो प्यायला का?"

तातोबा खड्ड्याकडं बघत होते. खाली बाटलीचे तुकडे पडलेले, नळी पाण्याबाहेर. तरीही ते मान कलती करून ऐकत होते. मीही ऐकलं. एक लांब. दुसरा लांब.

"टाकीच्या गाळात तोंडावर पडलेल्या माणसाला वास दुसरा कसला येणार, पोरी?" ते म्हणाले. "थेंब घेतला नव्हता त्यानं. लोकं म्हणाली पिऊन मेला, आन् मी गप बसलो. त्यो प्यायला असंल तर मला कुणी काय इचारत न्हाई, म्हणून गप बसलो. तुझी आई दाराशी आली हुती. तिला बघूनबी गप बसलो."

"मग झालं काय?"

"सकाळी पेढं वाटलं त्यानं. सगळ्या कामगारास्नी. मला दोन. मी म्हणलं, नाव काय ठेवणार लेकीचं? तर हसला. म्हणाला, खाली गेल्यावर सांगतो, ओवीत बसवलंय. तिसऱ्या ओळीत नाव हाय, कान दे. आन् उतरला."

त्यांनी झाकण खाली ठेवलं. मग त्या जाड्याभरड्या आवाजात, ओठ न हलवल्यासारखं, म्हटलं:

"काळ्या मळीच्या डोहात चांदणं मी कालवितो,
पहाटेच्या पावणीला ओवीमंदी बोलवितो…"

उन्हात पत्रा एकदा तडकला.

"आन् गप झाला. मला वाटलं, मुद्दाम थांबलाय. त्येची सवयच हुती, शेवटाला माणसाला लोंबकळत ठिवायची. मी गालात हसत हुतो, पोरी. घाई केली न्हाई. माझी अर्धी तोंडात तयार हुती." त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडं सरळ पाहिलं. "दोर माझ्या हाती हुता, आन् मी तुझ्या नावाची वाट बघत बसलो."